ट्रेस केलेल्या चित्रावरून सीएनसी इनले: पानांची टोकं खाचेत बसेनात, फाइल कशी साफ करायची?

वेलबुट्टी:

नमस्कार मंडळी. एका पेटीच्या झाकणावर सीएनसीने (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनने) इनले करायचंय, गडद लाकडात फिकट लाकूड बसवायचं. डिझाइन हाताने काढलेलं आहे, एक वेल, तिला बारीक टोकदार पानं आणि मध्ये एक पक्षी, सगळं मिळून २२० मिमी रुंद. कागदावरचं चित्र स्कॅन केलं, इंकस्केपमध्ये (चित्र काढायचं सॉफ्टवेअर) ट्रेस बिटमॅप मारलं (त्यात चित्राच्या कडेवरून रेषा, म्हणजे पाथ, तयार होतात), स्क्रीनवर झकास दिसलं. तिथून डीएक्सएफ (रेषांची फाइल) काढून कॅममध्ये (कटरची वाट ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नेलं आणि मग सगळं बिनसलं.

म्हणजे काय काय होतंय ते सांगतो. टाकाऊ फळीवर ट्रायल घेतली, १.५ मिमीचा एंडमिल (सरळ कटर), खाच २.५ मिमी खोल, वर बसवायचा तुकडा ३ मिमी जाड. पक्ष्याचं पोट छान बसतं पण पानांची टोकं खाचेत उतरतच नाहीत, टोक वर राहतं आणि ठोकलं तर तुटतं. दुसरं, वळणावर मशीन सरळ जात नाही, थरथर करत थांबत थांबत जातं आणि तिथे लाकूड काळं पडतं. तिसरं, चित्रातल्या ज्या नुसत्या रेघा होत्या (पानांच्या शिरा, पंखांच्या रेघा) त्या सगळ्या डबल झाल्यात, एका रेघेच्या दोन. आणि कॅममध्ये आल्यावर डिझाइनचा आकारच वेगळा दिसतो, तो मी दर वेळी हाताने स्केल करून घेतोय.

पाथ सिलेक्ट केला की खाली चार हजारांवर नोड (रेषेवरचे बिंदू) दाखवतो. सिम्प्लिफाय मारलं तर नोड कमी होतात पण पक्ष्याची चोच गोल होऊन बदकासारखी दिसते. ट्रेसिंगची सेटिंग बदलायची का, का दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं, का कटर बारीक घ्यायचा? आधी कुठे हात घालू?

धारदार_कटर:

सॉफ्टवेअर बदलू नका, ट्रेसिंगची सेटिंग पण तूर्तास राहू द्या. पानांच्या टोकाचा प्रॉब्लेम ट्रेसिंगचा नाहीच, चित्र कितीही स्वच्छ असतं तरी तो आलाच असता.

कटर गोल आहे. १.५ मिमीचा म्हणजे त्रिज्या ०.७५. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात तो घुसतो तेव्हा कोपरा ०.७५ च्या गोलाईनेच संपतो, त्याच्या पुढे तो जाऊच शकत नाही. पण तुकडा कापताना कटर बाहेरून फिरतो, त्यामुळे तुकड्याचं टोक अगदी सुईसारखं निघतं. आता सुई गोल खड्ड्यात कशी बसणार? काटकोनी कोपरा असेल तर फरक साधारण ०.३ मिमीचा येतो, पटाशीने सरळ करून घेता येतो. पण तुमची पानं टोकदार आहेत. ३० अंशाचं टोक धरलं तर १.५ च्या कटरने खाचेचं टोक चित्रातल्या टोकापेक्षा २ मिमीच्याही वर आखूड राहतं. १ मिमीचा कटर घेतला तरी जवळजवळ दीड मिमी आखूडच. म्हणजे कटर बारीक घेऊन प्रश्न लहान होतो, संपत नाही.

आणि हे उलट बाजूने पण होतं हे बरेच जण विसरतात. वेलीतून पान जिथे फुटतं ती बेचकी बघा. तुकड्यात ती बेचकी आतला कोपरा आहे म्हणून तिथे तुकडा गोल निघतो, आणि खाचेत तीच जागा बाहेर आलेलं लाकडाचं टोक आहे, ते तीक्ष्ण राहतं. तिथेही अडकणार.

उपाय असा की कटर आधी ठरवा आणि चित्रालाच त्या कटरच्या त्रिज्येपेक्षा किंचित मोठी गोलाई द्या, आतल्या कोपऱ्यांना आणि बाहेरच्या कोपऱ्यांना दोन्हीकडे. १.५ च्या कटरला मी ०.८ ठेवतो. बरोबर ०.७५ ठेवलं तर कोपऱ्यात कटर जागच्या जागी थांबून दिशा बदलतो, जरा जास्त ठेवलं तर वळून पुढे जातो. मग हाच एक व्हेक्टर (रेषांचा आकार) खाचेलाही वापरायचा आणि तुकड्यालाही. खाचेसाठी वेगळी फाइल, तुकड्यासाठी वेगळी फाइल असं केलंत तर पुढे कुठली कधी बदलली ते तुम्हालाच कळणार नाही.

एकेक कोपरा हाताने गोल करत बसायची गरज नाही. अख्खा आकार ०.८ ने आत ऑफसेट करा (कड सगळीकडून तेवढी आत सरकवा), मग तेवढाच बाहेर. बाहेरची सगळी टोकं गोल झाली. आता उलटं, ०.८ बाहेर आणि मग ०.८ आत, बेचक्या गोल झाल्या. ऑफसेटचा जॉइन (कोपऱ्याचा प्रकार) राउंडवर ठेवा, मायटरवर (टोकदार) असेल तर टोकं होती तशी परत येतील आणि काहीच झालं नाही असं वाटेल. यात आणखी एक फायदा म्हणजे १.६ मिमीपेक्षा बारीक जे काही असेल ते पहिल्याच आत-ऑफसेटमध्ये गायब होतं. घाबरू नका, ते तुमच्या कटरने तसंही कापलं गेलं नसतं, फक्त आता ते लाकूड वाया जायच्या आधी कळतंय. मूळ आकाराची एक कॉपी खाली ठेवून त्यातून नवा आकार डिफरन्सने वजा करा आणि जे उरेल त्याला लाल रंग द्या. जिथे जिथे लाल दिसेल तिथे चित्र बदललंय. मग एकेका ठिकाणी ठरवा, चालतंय का, का पानाचं टोक जरा जाड काढायचं.

कागदपेन्सिल:

वरचं बरोबर आहे पण ४००० नोडवर ऑफसेट मारू नका हो, पाथ आणखी घाण होईल. इंकस्केपचं साधं इनसेट-आउटसेट तर दर वेळी नोड वाढवून ठेवतं. आधी पाथ साफ, मग ऑफसेट.

माझं मत विचाराल तर इनलेसाठी ऑटो ट्रेस हा फक्त कच्चा माल. ट्रेस मारायचा, तो लॉक करून फिका करायचा आणि वर बेझिए पेनने (वक्र रेषा काढायचं टूल) परत काढायचं. वेळखाऊ वाटतं, पण वेल आणि पक्षी एका संध्याकाळचं काम आहे, आणि नंतर साफसफाईत जो वेळ जातो त्यापेक्षा कमीच. नोड कुठे टाकायचे याचा नियम सोपा आहे, वक्र जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उजवीकडे जातो तिथे एकेक, आणि जिथे वळणाची दिशा उलटते तिथे एक, शिवाय खरे कोपरे असतील तिथे टोकाचा नोड. पक्ष्याच्या पोटाला आठदहा नोड पुरतात. पानाला चार. तुमची चोच बदकासारखी झाली कारण सिम्प्लिफायला कोपरा आणि खडबडीतपणा यातला फरक कळत नाही, तो दोन्ही सारखेच घासून काढतो.

आता ट्रेसच वापरायचा असेल तर मेहनत ट्रेसच्या आधी घ्या. स्कॅन ६०० डीपीआयला करा, त्यात एक पिक्सेल साधारण ०.०४ मिमीचा असतो, ३०० ला तोच ०.०८५ होतो. जेपीजी नको, पीएनजी किंवा टिफ, कारण जेपीजी कडेच्या आजूबाजूला बारीक कचरा सोडतो आणि ट्रेसला तो कचरा म्हणजे चित्रच वाटतं. पेन्सिलीचं चित्र तसंच स्कॅन करू नका, वर ट्रेसिंग पेपर ठेवून काळ्या पेनने ठसठशीत गिरवून घ्या. मग इमेज एडिटरमध्ये चित्र दुप्पट मोठं करायचं, थोडा गॉशियन ब्लर द्यायचा आणि लेव्हल्सने काळंपांढरं परत घट्ट करायचं, पण अगदी एक पिक्सेलची करवती कड होईल इतकं नाही. कागदाचे रेशे, पेनाची थरथर, सगळं या ब्लरमध्ये विरून जातं. इंकस्केपच्या साध्या ट्रेसमागे पोट्रेस नावाचा प्रोग्राम आहे, पीटर सेलिंगर यांनी २००१ मध्ये आणलेलं, आणि ते मुळात फक्त काळं आणि पांढरं बघतं. त्यामुळे तुम्ही त्याला किती शुद्ध काळंपांढरं देता यावर सगळं. स्पेकल्स वाढवा म्हणजे ठिपके जातील. स्मूद कॉर्नर्स मात्र जपून, तो वाढवला की चोच परत गेली.

डबल रेघांचं कारणही तेच आहे. पोट्रेसला रेघ ही रेघ दिसत नाही, काळ्या रंगाचा एक लांबट डाग दिसतो आणि तो डागाच्या भोवती कड काढतो. एज डिटेक्शन निवडलं असेल तर आणखीनच वाईट, तिथे कडेची पण कड निघते. इंकस्केप १.० पासून सेंटरलाइन ट्रेसिंग आलंय, शिरांसाठी ते वापरा, रेघेच्या मधोमध एकच पाथ मिळेल. जोडावर थोडे आकडे-वाकडे होतात ते हाताने सरळ करा.

बाह्यरेषेतल्या भागांसाठी दुसरी युक्ती. पान म्हणजे रेघांनी वेढलेली मोकळी जागा आहे ना, तर पेंट बकेटने ती जागा भरा, भरलेला भाग आपोआप पाथ होतो. ग्रो बायमध्ये रेघेच्या अर्ध्या जाडीइतकं वाढवून घेतलं की दोन शेजारच्या पानांच्या कडा रेघेच्या मध्यावर येऊन मिळतात. फक्त बकेट स्क्रीनवरच्या झूमप्रमाणे काम करतं, लांबून भरलंत तर कड ओबडधोबड, जवळ जाऊन भरलंत तर नीट.

वेलबुट्टी:

बापरे, हे एवढं असतं होय. दोघांचेही आभार. ती लाल रंगाची युक्ती आत्ताच करून बघितली (साफ न करता, माफ करा) आणि जवळपास प्रत्येक पानाचं टोक लाल झालंय, शिवाय पक्ष्याच्या पायाची बोटं पूर्णच गायब.

एक शंका, तुकडा आणि खाच एकाच व्हेक्टरवरून कापायचे तर मग ते घट्ट होऊन बसणारच नाहीत ना? सरसाला जागा लागते. तर तुकडा चित्रातच ०.१ ने लहान करू का? आणि शिरांचं काय करू, १.५ च्या कटरने शीर कशी काढणार.

धारदार_कटर:

चित्रात लहान करू नका. चित्र हे मापाचं मूळ, ते एकच राहू द्या. कॅममध्ये प्रोफाइल टूलपाथला (कडेने कापायच्या वाटेला) अलाउन्स (कडेपासून सोडायचं अंतर) म्हणून रकाना असतो, तुकड्याच्या टूलपाथला तिथे उणे ०.०५ टाका. खाचेला शून्य. लाकूड दमट दिवसात फुगतं, त्यामुळे एका प्रकारच्या लाकडाला ०.०५ बरोबर बसलं म्हणून सगळ्यांना बसेल असं नाही. ०, ०.०५ आणि ०.१ असे तीन पानांचे तुकडे कापा, एकाच खाचेत आळीपाळीने घालून बघा. अंगठ्याने दाबून जाणारा घ्या. हातोडी लागली तर घट्ट, नुसता पडला तर सैल.

शिरा बसवायच्या नाहीत, त्या नंतर कोरायच्या. इनले बसवून, घासून सपाट झालं की ६० अंशाच्या व्ही बिटने (टोकदार कटरने) सेंटरलाइनवरून ०.३ मिमी खोल एक फेरी, आणि त्यात गडद भुसा मिसळलेला सरस किंवा काळं इपॉक्सी भरून परत घासायचं. पायाची बोटं पण तशीच. या रेघा वेगळ्या लेयरवर ठेवा म्हणजे चुकून पॉकेटमध्ये (खाचेच्या कापणीत) जाणार नाहीत.

खरखर:

मशीनच्या बाजूचं मी सांगतो कारण थरथर मी पण बरीच भोगलीय.

थरथर म्हणजे मशीन खराब नाही. कंट्रोलर पुढच्या मोजक्याच ओळी बघून वेग ठरवतो. तुमचं वक्र जर ०.०५ मिमीच्या शेकडो तुकड्यांचं बनलेलं असेल आणि त्यात प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा थोडा वाकडा असेल तर त्याला प्रत्येक ठिकाणी कोपरा दिसतो आणि कोपऱ्यावर ब्रेक मारायलाच हवा, नाहीतर मोटर स्टेप चुकवेल. मग फीड (कटरचा वेग) तुम्ही १००० लिहा नाहीतर २०००, खरा वेग येतो दीडदोनशे, आणि कटर त्याच जागी घासत राहतो म्हणून जळतं. कटर बोथट झाला असं समजून लोक नवीन कटर घालतात, तो पण जळतो. पाथ साफ केला की अर्धी थरथर तिथेच जाते. उरलेली डीएक्सएफमुळे.

डीएक्सएफ एक्स्पोर्ट करताना इंकस्केप विचारतं ना, रोबो-मास्टर टाइपचं स्प्लाइन (वक्र) हवं का, एलडब्ल्यूपॉलीलाइन (जोडलेले तुकडे) हवी का. तुमच्या कॅमला स्प्लाइन नीट वाचता येत असेल तर वक्र म्हणून जातं, नसेल वाचता येत तर कधी वक्र गायबच होतं. जुन्या आर१२ फॉरमॅटमध्ये तर स्प्लाइनच नाही, सगळं सरळ तुकड्यांत जातं. माझा सल्ला, कॅम एसव्हीजी (इंकस्केपची स्वतःची फाइल) घेत असेल तर डीएक्सएफच्या भानगडीत पडूच नका, एसव्हीजीमध्ये बेझिए वक्र जसेच्या तसे जातात. मग कॅममध्ये वक्रांवर आर्क बसवायचा पर्याय असतो, टॉलरन्स ०.०१ ते ०.०२ ठेवा, जी-कोडमध्ये (मशीनला जाणाऱ्या आज्ञांमध्ये) शेकडो जी१ (सरळ रेघा) च्या ऐवजी मोजके जी२ जी३ (आर्क, म्हणजे वर्तुळाचे तुकडे) दिसले पाहिजेत. फाइल उघडून बघाच एकदा.

आकार बदलण्याचं सांगतो. दर वेळी हाताने स्केल करताय ना, ते थांबवा, त्यात कधीतरी ९९.७ टक्के होईल आणि कळणारही नाही. किती पट बदलतंय ते मोजा. २५.४ पट असेल तर इंच-मिमीचा घोळ, डीएक्सएफमध्ये युनिट लिहिलेलं नसतं किंवा वाचलं जात नाही, इंपोर्टच्या वेळी मिमी निवडा. १.३३ पट असेल तर एकाने इंचाला ७२ पिक्सेल धरले आणि दुसऱ्याने ९६, इलस्ट्रेटर ७२ वाला, इंकस्केप ९६ वाला. आणि १.०६७ च्या आसपास असेल तर कुठेतरी जुनी फाइल आहे, इंकस्केप ०.९२ च्या आधी म्हणजे २०१७ च्या आधी ९० धरायचं. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट मिमी आणि स्केल १ करून ठेवा. मी प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौकोन वेगळ्या लेयरवर ठेवतो, कॅममध्ये आल्यावर आधी तो मोजायचा.

शेवटचं, पण खरं तर पहिलं. तुमचा १.५ चा कटर १.५ कापत नाही. कॉलेट (कटर पकडणारी मूठ) आणि स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या भागाच्या) डोलण्यामुळे तो १.५४, १.५६ असा काहीतरी कापत असणार. २० मिमीचा एक चौकोनी खड्डा कापा आणि २० मिमीचा एक चौकोन बाहेरून कापा. खड्डा २०.०५ आणि चौकोन १९.९५ आला तर कटर ०.०५ ने जाड आहे असं समजा आणि टूलच्या व्यासात १.५५ लिहा. हे न करता अलाउन्सचे आकडे बदलत बसलात तर एक चूक दुसरीने झाकल्यासारखं होतं, कटर बदलला की सगळं परत पहिल्यापासून.

व्ही_बिट_भक्त:

एवढी गोलाई बिलाई करण्यापेक्षा व्ही कार्व इनले का नाही करत? टोकं सुईसारखी मिळतात. व्ही बिट कोपऱ्यात जाताना वर उचलला जातो, त्यामुळे कोपरा टोकापर्यंत निघतो. खाच ५ मिमी खोल कापायची. तुकड्याचं चित्र आरशासारखं उलटं करायचं, भोवती एक चौकोन द्यायचा, स्टार्ट डेप्थ (कापणं जिथून सुरू होतं ती खोली) ४ आणि तिथून खाली आणखी १.५. तुकडा उलटा करून खाचेत दाबला की ४ मिमी आत जातो, तळाला १ मिमी सरसाला राहतो आणि दोन फळ्यांमध्ये दीड मिमीची फट राहते, करवतीने वरचं कापून घ्यायचं. उतरत्या भिंती असल्यामुळे फिट आपोआप घट्ट होतं, ०.०५ चे हिशोब नाहीत. पायाची बोटं पण येतील.

धारदार_कटर:

पद्धत छान आहे, मी पण करतो, पण "गोलाई बिलाई" टळली म्हणून व्हेक्टरची साफसफाई टळत नाही, उलट वाढते. व्ही बिट प्रत्येक ठिकाणी आकाराची रुंदी बघून खोली ठरवतो. कडेला बारीकसा दात राहिला असेल तर सरळ एंडमिल तो ओलांडून जातो, व्ही बिट त्यात घुसून एक चरा पाडतो. नोडचा कचरा असलेली फाइल व्ही कार्वला दिली तर पानाच्या कडेला केसाळ सुरवंटासारखं दिसतं.

शिवाय त्यांचा तुकडा ३ मिमी जाड आहे. ४ मिमी आत जायला कुठून आणणार.

दुसरं म्हणजे घासण्याचा हिशोब. भिंती उतरत्या असल्यामुळे तुम्ही जितकं घासाल तितकं चित्र आकसतं. ६० अंशाच्या बिटला ०.५ मिमी घासलं की प्रत्येक बाजूने ०.३ मिमीच्या जवळ जातं, म्हणजे ०.६ ची रेघ गेलीच. त्यामुळे खाच कापायच्या आधी फळी पूर्ण सपाट करून घ्यायची, नंतर भरपूर घासू असं म्हणायचं नाही. ३० अंशाचा किंवा त्याहून टोकदार बिट घेतला तर हे कमी होतं.

व्ही_बिट_भक्त:

३ मिमीचं लक्षात आलं नाही, बरोबर. जाड फळी मिळाली तर करा. सुरवंटाचं मान्य 😄 मी डिझाइन विकत घेतलेलं वापरतो म्हणून मला तो त्रास नाही बहुतेक.

कागदपेन्सिल:

विकतची व्हेक्टर फाइल साफ असते हा पण भ्रमच आहे. त्यातल्या बऱ्याच छपाईसाठी केलेल्या असतात. छपाईला एकावर एक आकार ठेवलेले चालतात, वरचा खालच्याला झाकतो. कटरला वर-खाली काही कळत नाही, त्याला सगळ्या रेघा दिसतात. आउटलाइन मोडमध्ये (व्ह्यू, डिस्प्ले मोड) बघितल्याशिवाय कुठलीच फाइल कॅममध्ये नेऊ नका. तिथे रंग जातात आणि खरं काय आहे ते दिसतं. दोनदा पेस्ट झालेली पानं, पांढऱ्या रंगाचे लपलेले ठिगळ, स्ट्रोक म्हणून जाड दिसणारी पण प्रत्यक्षात एकच रेघ असलेली देठं. देठ असं असेल तर स्ट्रोक टू पाथ करा (म्हणजे जाडीची कड खरी रेषा होते) आणि पानाशी युनियन करा (एकत्र जोडा). रंगीत ट्रेस करताना स्टॅक स्कॅन्स चालू असेल तर असंच एकावर एक होतं. बंद केलं की थर एकमेकांखाली जात नाहीत, पण मग शेजारच्या रंगांच्या मध्ये केसाएवढी फट सुटते. इनलेत दोन रंगांची लाकडं शेजारीशेजारी असतील तर ती कड ट्रेसवर सोडू नका, स्वतः एकदाच काढा आणि दोघांसाठी तीच वापरा.

उघडे पाथ पण तिथेच पकडा. पॉकेटला बंद आकार लागतो, कुठेतरी ०.०२ मिमीची फट राहिली की कॅम एकतर तक्रार करतं नाहीतर गुपचूप तो आकार सोडून देतं, आणि हे दुसरं जास्त त्रासाचं.

लेझर_लेन्स:

लेझरवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. व्हिनियरमध्ये (लाकडाच्या पातळ पापुद्र्यात) लेझरने केलं तर वरचा कोपऱ्याच्या गोलाईचा सगळा प्रकार लागत नाही, किरणाची जाडीच ०.१ ते ०.२ मिमी असते. पण ती जाडी, म्हणजे कर्फ, तुकड्यातून पण जाते आणि खिडकीतून (तुकडा बसतो त्या छिद्रातून) पण, म्हणून तुकडा सैल होतो. तुकड्याचा पाथ अर्ध्या कर्फने बाहेर घ्या आणि खिडकीचा अर्ध्या कर्फने आत, नाहीतर फक्त तुकडाच पूर्ण कर्फने बाहेर. कर्फ मोजायला एका चौकटीत शेजारीशेजारी १० पट्ट्या कापा, सगळ्या एका बाजूला सरकवा, जी फट दिसेल तिला ११ ने भागा. डबल पाथ लेझरला जास्त झोंबतो, तीच रेघ दोनदा जळते आणि कड काळी होते. पोपटपंची संपली.

वेलबुट्टी:

रिपोर्ट देतो. कागदपेन्सिल यांचं ऐकून सगळं पेनने परत काढलं, पक्षी आणि वेल धरून नोड आता तीनशेच्या आत आहेत. पानांची टोकं ०.८ ने गोल केली आणि पानं मुळातच जरा भरीव काढली. कागदावर बघताना वाईट वाटलं होतं, लाकडात कापल्यावर मात्र गोलाई आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. २० मिमीचा खड्डा २०.०८ आला म्हणून व्यास १.५८ लिहिला. आकाराचा घोळ १.३३ चाच होता, डिझाइन मध्येच एका मित्राच्या इलस्ट्रेटरमधून फिरून आलं होतं. थरथर गेली, जळणंही गेलं.

आता एकच अडचण उरलीय. पानं लहान आहेत, लांबीला १२-१५ मिमी, आणि फिकट लाकडातून तुकडे कापताना शेवटच्या पासला (फेरीला) तुकडा सुटून उडतो किंवा टोक मोडतं. टॅब (तुकडा धरून ठेवणारे छोटे दुवे) ठेवले तर टॅब घासताना पानाची कड खराब होते.

खरखर:

टॅब नको एवढ्या लहान तुकड्यांना. फळीच्या खाली मास्किंग टेप लावा, मशीनच्या बेडवर पण मास्किंग टेप, आणि दोघांच्या मध्ये सुपरग्लू. पूर्ण आरपार कापलं तरी तुकडा जागेवरच. किंवा तळाला ०.२ मिमीचा पापुद्रा ठेवा, सगळी शीट उलटी करून पॉलिश पेपरवर घासा, पानं आपोआप सुटतात. शेवटचा पास फक्त ०.१ मिमी बाजूने घेणारा ठेवा, म्हणजे कटर तुकड्याला ढकलत नाही.

धारदार_कटर:

आणि टोक मोडतंय ते लाकडाच्या रेषेमुळे. पान रेषेला आडवं पडलं असेल तर टोकाला चारदोनच तंतू आडवे असतात, ते मोडणारच. चित्रातली मांडणी कापताना तशीच ठेवायची गरज नाही ना, खाच झाडासारखी राहू द्या, तुकड्यांच्या शीटवर प्रत्येक पान फिरवून त्याची लांबी लाकडाच्या रेषेबरोबर घ्या. फक्त फिरवा, फ्लिप करू नका, सरळ भिंतीच्या इनलेला आरसा लागत नाही आणि उलटं झालेलं पान त्याच्या खाचेत जाणार नाही. प्रत्येक पानाला आणि त्याच्या खाचेला चित्रात नंबर देऊन ठेवा, सगळी पानं सारखीच दिसतात पण हाताने काढलेली आहेत, एकाचं दुसऱ्यात बसत नाही.

वेलबुट्टी:

नंबर! ते डोक्यातच नव्हतं, टेबलावर पंचवीसेक पानं पडलीत आणि मी एकेक लावून बघत बसलोय. टेपवाली पद्धत आज करतो. सेंटरलाइनच्या शिरा कोरल्या की फोटो टाकेन.